दहा दिरहम जास्त

न्यूयॉर्कला उतरलो आणि कस्टमच्या साहेबाने माझ्या पिशवीतून सगळ्यात आधी काढला तो माझा काटा. शिसवी डबीत बसणारा, पितळेचा, दोन छोट्या पारड्यांचा, सोबत तोळ्या-माशाची वजनं. गेली चाळीस वर्षं तो माझ्याबरोबर असतो. येवल्यात आमचं रेशमाचं दुकान, तीन पिढ्यांचं. कुठेही गेलो तरी वस्तू हातात घेऊन तोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. साहेबाने काटा पाहिला, मग त्याला मेतकुटाची पुडी सापडली. बारीक पिवळी पूड आणि शेजारी तोळ्याची वजनं! त्याचा चेहरा असा काही झाला की मी म्हटलं, संपलं, आता लेकीची भेट तुरुंगातच.

त्याने दोन बोटांनी पूड उचलली, हुंगली आणि त्याला तीन शिंका आल्या. "फॉर राइस," मी म्हटलं. "विथ घी." त्याने मला हातानेच जा म्हणून सांगितलं. बाहेर जावई श्रीकांतराव उभे होते. त्यांना हा किस्सा सांगितला तर ते गाडी चालवता चालवता हसत होते आणि मी मात्र काटा शाबूत आहे ना ते चाचपत होतो.

हे चौऱ्याऐंशी सालचं. माझी थोरली मुलगी सुमन न्यू जर्सीत वेस्ट विंडसर नावाच्या गावी राहते. गाव म्हणायचं आपलं, नाहीतर नुसती झाडं, हिरवळी आणि गाड्या. सकाळी सगळे बाप्ये स्टेशनवर गाड्या लावून आगगाडीने कामाला जातात. श्रीकांतराव मात्र जवळच्याच एका प्रयोगशाळेत. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो, तर समोरच्या बाईने काही हवंय का म्हणून येऊन विचारलं! येवल्यात दाराशी बसलेल्या माणसाला कोणी असं विचारत नाही.

पहिल्या आठवड्यात मी सुमनच्या घरातलं सगळं तोलून काढलं. साखरेची पिशवी, लोण्याची कांडी, पावाचा तुकडा. सगळं छापलेल्या वजनाबरहुकूम निघालं आणि मला जरा वाईटच वाटलं. "अण्णा, पुरे आता," सुमन म्हणाली. "तुम्हाला कुठे तरी फिरायला नेऊ देत हे." श्रीकांतराव म्हणाले, "अण्णा, वीकेंडला पॅटरसनला जाऊ या. ड्राइव्ह तासाभराचा. तिथे पूर्वी सिल्कच्या मिल्स होत्या. त्या गावाला सिल्क सिटीच म्हणायचे."

रेशमाचं गाव! मी शनिवारपर्यंत कशीबशी कळ काढली.

पॅटरसनच्या ऐन मध्यात एक धबधबा आहे. काळ्या कातळातून पाणी सरळ खाली जातं आणि त्याचे तुषार पुलावर उभ्या माणसाचा चष्मा भिजवतात. याच पाण्यावर एके काळी गिरण्या चालायच्या. आता लाल विटांच्या त्या लांबच लांब इमारतींच्या काचा फुटलेल्या, भिंतींवर रंगाने खरडलेलं, आत कबुतरं. मी एका गिरणीच्या खिडकीतून डोकावलो. जमिनीवर माग जिथे बसवलेले होते तिथे तेलाचे काळे चौकोन अजून होते. मला गलबलून आलं. मागाचा आवाज थांबला की गाव कसं होतं, ते येवल्याच्या माणसाला सांगायला नको.

त्यातल्या एका गिरणीच्या तळमजल्यावर छोटंसं संग्रहालय उभं राहत होतं. चालवणाऱ्या बाईंचं नाव डोरोथी. साठीच्या, केस पांढरे, गळ्यात दोरीला चष्मा. मी रेशमाच्या धंद्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि म्हणाल्या, की अगदी योग्य दिवशी आलात.

टेबलापाशी एक म्हातारा बसला होता. नूरी बे (बे म्हणजे आपल्याकडचं 'राव'). पंच्याहत्तरी उलटलेली, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा कोट. मूळचे तुर्कस्तानातल्या बुर्सा गावचे. तरुणपणी पॅटरसनला आले आणि इथल्या रंगशाळेत रेशीम रंगवण्यात जन्म गेला. त्यांचे वडील बुर्साच्या रेशीमबाजारात तोलणारे होते. दुकानदार नव्हे बरं का, बाजाराने नेमलेला तोलणारा, घेणारा आणि देणारा दोघांच्या मधे उभा राहणारा. त्या वडिलांची वजनं नूरी बेंनी संग्रहालयाला द्यायला आणली होती. डोरोथीबाई त्यावेळी काचेच्या कपाटात ठेवायची पाटी लिहीत होत्या. पाटीवर वडिलांचं नाव यावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती. दोन आठवड्यांनी उद्घाटन होतं.

पेटी उघडली आणि मी सगळं विसरलो. पितळेची वजनं, हाताच्या तेलाने काळपट झालेली. नूरी बेंनी तुटक इंग्रजीत ओळख करून दिली. सगळ्यात लहान हिशेब दिरहमचा, आपल्या तोळ्याच्या पाव भागाहून थोडा जास्त. चारशे दिरहमचा एक ओक्का. ओक्का, अर्धा ओक्का, शंभराचं, पन्नासाचं, दहाचं, अशी सगळी ओळीने मांडलेली. आणि शेवटी एक मोठं, मोहोर झिजून गेलेलं वजन.

मी ते मोठं वजन उचललं. उजव्या हातात धरलं, डाव्यात घेतलं. दीड ओक्का असणार, म्हणजे सहाशे दिरहम. पण हाताला काही तरी खटकलं. आता हे कसं सांगू? हात सांगतो. टेबलावर गिरणीचाच जुना तराजू होता. मी विचारलंसुद्धा नाही. एका पारड्यात ते मोठं, दुसऱ्यात ओक्का आणि अर्धा ओक्का टाकला. मोठ्याचं पारडं खाली गेलं. दहा दिरहमचं एक वजन उलट बाजूला टाकलं आणि काटा मधोमध येऊन थांबला.

"बघा!" मी ओरडलोच. "दहा दिरहम जास्त!"

नूरी बे म्हणाले, "तेफे. धिस इज तेफे. फॉर सिल्क."

"सिल्कसाठीच असणार! तिथेच तर हे चालतं!" मी त्यांना बोलूच दिलं नाही. मोठ्या ऐटीत डोरोथीबाईंना समजावून सांगितलं, की मॅडम, हे घ्यायचं वजन आहे. खेड्यातून गरीब माणूस रेशीम घेऊन येतो, त्याचं रेशीम या जड वजनाने तोलायचं म्हणजे ते कमी भरतं. द्यायचं वजन वेगळं असतं, हलकं. आमच्या देशात असले व्यापारी पुष्कळ. वर हसून म्हणालो, "यांचे वडील हुशार होते!"

डोरोथीबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी नूरी बेंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, की मग याची खात्री होईपर्यंत पाटी थांबवू या. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने एकेक वजन उचलून पेटीत आपापल्या खाचेत ठेवलं, पेटी काखेत मारली, मला मान लववून नमस्कार केला आणि निघून गेला. त्या मान लववण्याचाही मला अर्थ कळला नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली!

परतताना श्रीकांतराव म्हणाले, "अण्णा, कमाल आहे यार तुमची. नुसत्या हाताने कळलं!" एरवी जावई सासऱ्याला यार म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं नसतं, पण त्या दिवशी फार गोड वाटलं. रस्त्यात कॉफीला थांबलो, बालदीएवढा पेला घेतला आणि सगळी कॉफी प्यालो. घरी सुमनला दोनदा सांगितलं. तेवढ्यावर भागेना. श्रीकांतरावांच्या मागे लागलो, की तुमच्या इथल्या विद्यापीठात एवढं मोठं ग्रंथालय आहे, तुर्की वजनांचं काही पुस्तक मिळतं का बघा. डोरोथीबाईंना पुराव्यासकट कागद पाठवायचा होता मला!

बुधवारी ते एका पानाची छायाप्रत घेऊन आले. जुन्या काळच्या व्यापाऱ्यांसाठी कोणी तरी केलेला वजनमापांचा कोश होता. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि हात धुवायला गेले. मी चष्मा लावला. ओक्का, चारशे दिरहम. त्याच्या खाली चार ओळी सोडून, तेफे. कच्च्या रेशमाचं वजन. सहाशे दहा दिरहम.

सहाशे दहा! दीड ओक्का नव्हताच तो. रेशमाचं वजनच वेगळं होतं आणि ते तेवढंच होतं. म्हातारा तेच सांगत होता आणि मी त्याला बोलू दिलं नव्हतं. समोर सुमनने वाढलेलं पिठलं निवून गेलं. "अण्णा, चूक होते माणसाची," ती म्हणाली. "सॉरी म्हणून फोन करा." मी हो म्हटलं. पण मला लाज वाटत होती ती त्या चुकीची नव्हती. प्रामाणिक तोलणाऱ्याचं माझं हे सोंग त्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

रविवारी आम्ही पुन्हा पॅटरसनला गेलो. डोरोथीबाईंकडून पत्ता घेतला. दक्षिणेकडच्या त्या रस्त्यावर सगळी तुर्की आणि अरबी दुकानं, बेकऱ्या, दारात टोपल्यांतून सिमित (तीळ लावलेलं पावाचं कडं) रचलेलं. वास असा की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथेच ठाण मांडलं असतं. नूरी बे एका बेकरीच्या माडीवर एकटेच राहत. दार त्यांनीच उघडलं. मला वाटलं, तोंडावर लावून घेतील. त्यांनी आत बसवलं, बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा दिला, सिमित आणि चीज पुढे केलं. पेटी कपाटावर होती.

मी छायाप्रत टेबलावर ठेवली आणि माफी मागितली. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. एकच प्रश्न विचारला. तो मला नीट कळला नाही, म्हणून श्रीकांतरावांनी मराठीत सांगितला. "ते विचारतायत, एवढ्या लोकांनी हे वजन हातात घेतलं, दहा दिरहमचा फरक कुणालाच कळला नाही. तुमच्या हाताला कसा कळला?"

मी चहाचा घोट घेतला. सवय, असं म्हणून सुटता आलं असतं. पण म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता. माझं इंग्रजी मेतकुटापुरतं होतं. सांगायचं तर मराठीतच आणि जावयाच्या तोंडून. ज्या जावयाला मी दिवाळसणाला चांदीच्या ताटात वाढलं, त्याच्या तोंडून!

"श्रीकांतराव, मी सांगतो ते जसंच्या तसं सांगा," मी म्हटलं.

मग सांगितलं. आमच्या दुकानात शेराची दोन वजनं होती. एक द्यायचं, एक घ्यायचं. घ्यायच्या वजनाच्या बुडाला भोक पाडून आत शिसं ओतलेलं, वरून घासून साफ केलेलं. विणकराला रेशीम आणि जरीची तार द्यायची ती एका वजनाने, पैठणी विणून आली की तोलायची दुसऱ्याने. म्हणजे माल नेहमीच थोडा कमी भरायचा आणि विणकर नेहमीच थोडा चोर ठरायचा. त्याने मान खाली घातलेली बरी असते, असं वडील म्हणायचे. माझे हात त्या दोन वजनांत तयार झाले. डोळे मिटून सांगायचो, कुठलं कुठलं ते.

श्रीकांतराव थांबले. "अण्णा, हे पण सांगू?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"गंगाराम म्हणून एक विणकर होता. त्याच्यासारखा मोर पदरावर कुणी विणत नसे. एकदा त्याची पैठणी दोन तोळे कमी भरली. गादीवर मी होतो. दुकानात दहा माणसं. मी सगळ्यांसमोर विचारलं, गंगाराम, रेशीम कुठे गेलं? त्याने पागोटं काढून हातात घेतलं. म्हणाला, शेठ, एकदा दुसऱ्या वजनाने तोला. दुसरं वजन माझ्या मांडीखालच्या गादीत होतं. मला ते टोचत होतं. मी काढलं नाही. मी त्याला चोर म्हटलं."

गंगारामला त्यानंतर येवल्यात कोणी रेशीम दिलं नाही. तो कांद्याच्या बाजारात पोती वाहू लागला. त्याच हातांनी.

खाली बेकरीत कोणी तरी रेडिओ लावला होता. नूरी बे उठून कपाटापाशी गेले. मग त्यांनी पेटी काढली, तेफे उचलून माझ्या हातात दिलं आणि बोलू लागले. सहाशे दहाच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. पण बुर्साच्या बाजारात रेशमाच्या कोशांची टोपली घेऊन आलेल्या म्हातारीलाही सहाशे दहा ठाऊक होतं आणि व्यापाऱ्यालाही. वजन दोघांच्या मधे, उघड्यावर. लपवलेलं असं काही नव्हतंच. मग त्यांनी विचारलं, "तो माणूस अजून आहे?"

"नाही. त्याची बायको आहे. काशीबाई."

"देन व्हाय यू टेल मी?" नूरी बे म्हणाले. हे मात्र मला श्रीकांतरावांनी न सांगताच कळलं.

तिथून आम्ही तिघे संग्रहालयात गेलो. डोरोथीबाईंसमोर मी पुन्हा तोच तराजू लावला, छायाप्रत दाखवली आणि म्हटलं, की हे वजन खरं आहे, खोटं मी बोललो. त्यांनी पाटी पुरी केली. नूरी बेंनी वडिलांचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, एकेक अक्षर सावकाश. उद्घाटनाला त्यांनी मला बोलावलं. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

त्या संध्याकाळी जावयांनी सुमनला सगळं सांगितलं असणार. ती भांडी विसळत होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "अण्णा, गंगारामची रखमा माझ्या वर्गात होती. डबा खाताना आम्ही तिला आमच्यात बसू द्यायचो नाही. चोराची पोर म्हणायचो. मीच सगळ्यांत जास्त म्हणायचे." नळ सुरूच होता. मी उठून बाहेर दाराशी जाऊन बसलो. समोरच्या बाईने यावेळी काही विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे त्यांनी मला पुष्कळ फिरवलं. समुद्रकिनारा पाहिला, न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहिल्या. झाडांची पानं लाल-पिवळी झालेली पाहिली, तशी आपल्याकडे दिसत नाहीत. ते सगळं इथे लिहायला हवं, वाचणारे त्याच आशेने वाचत असतात. पण खरं सांगतो, मी नीट काही पाहिलंच नाही. काटाही डबीतून पुन्हा बाहेर काढला नाही. परतताना मुंबईच्या कस्टमवाल्याने डबी उघडून विचारलं, "सोनं तोलता का?" मी नुसती मान हलवली.

येवल्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या माळ्यावर चढलो. किलो आल्यापासून जुनी वजनं तिथे पडून होती. धुळीत हात घातला आणि पहिल्याच खेपेला तेच हाती आलं. हात विसरत नाहीत. धाकटा भाऊ खाली उभा होता. "दादा, भंगारात टाकायचं ते. कशाला उकरून काढतोस? वडील गेले, गंगारामही गेला." मी ते पंच्यात गुंडाळलं आणि निघालो.

गंगारामचं घर बाजाराच्या मागे. पस्तीस वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. काशीबाई ओट्यावर कांद्याची पात निवडत होत्या. आता नजर अधू झालेली. मी नाव सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला, म्हणाल्या, "बसा शेठ," आणि आत पाहून म्हणाल्या, "रखमे, चहा टाक." मी ओट्याच्या कडेला बसलो आणि पंचा उघडून वजन त्यांच्यासमोर ठेवलं. येताना सगळी वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"काशीबाई," मी म्हटलं, "गंगारामने रेशीम चोरलं नव्हतं."

त्यांनी वजन उचललं. उजव्या हातात धरलं, डाव्यात घेतलं. मग उलटं करून बुडावरून अंगठा फिरवला आणि जिथे शिसं होतं तिथे तो थांबला.

"यात शिसं होतं ते आम्हाला ठावं होतं, शेठ. ते घरी येऊन त्याच दिवशी बोलले होते. सगळ्या पेठेला ठावं होतं." त्यांनी वजन माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हाला ठावं होतं का, एवढंच ते जाईपर्यंत विचारत राहिले. मी म्हणायचे, नसंल, पोरसवदा होता. खरं काय ते तुम्ही सांगा."

आतून रखमा चहाचा कप घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"ठाऊक होतं," मी म्हटलं.